हार्ड डिस्क घेताना

आता खेड्यातही काही घरी संगणक आला आहे. मुलीच्या लग्नाचे फोटो, सातबाऱ्याची नक्कल, बचत गटाचा हिशेब, सारे त्यात असते. हे सारे ज्या डबीत साठते तिला हार्ड डिस्क म्हणतात. धान्याला कणगी, तशी माहितीला डिस्क. कणगी घेताना आपण तिची वीण पाहतो. डिस्कचे काय पाहावे?

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने बनवली. यंत्र मोठ्या कपाटाएवढे, आत ५० तबकड्या. एवढे असून तिच्यात ५० लाख अक्षरेच मावत. आज मोबाईलवर काढलेले दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात!

आजची डिस्क तळहातावर मावते. तिच्यात गुळगुळीत तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. तिच्यावरून एक बारीक दांडी लिहीत-वाचत जाते. दोहोंत केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर असते. डिस्क चालू असताना धक्का बसला, की दांडी तबकडीवर घासते. मग लिहिलेले जाते. म्हणून चालू डिस्क हलवू नये.

दुसरी जात एसएसडी. तिच्यात फिरणारे काही नसते. ती धक्का सोसते, कामही झटपट करते. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त पडतात. शिवाय वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिली तर तिच्यातली माहिती जाऊ शकते. रोजच्या कामाला एसएसडी घ्यावी, कपाटात जपून ठेवायला फिरती डिस्क घ्यावी, असे आमचे मत आहे.

फिरत्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत. सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. यांतली चांगली कोणती, असे लोक आम्हांला विचारतात. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी लाखो डिस्क चालवते आणि किती बिघडल्या ते छापते. तिच्या आकड्यांत वर्षाला शंभरात एक-दोन डिस्क बिघडतात. एकाच कंपनीचा एक नमुना चांगला निघतो, दुसरा कमी. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

फार स्वस्त दिसली तर थांबावे. काही डिस्कवर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत जागा थोडीच असते. नवे फोटो भरत गेले की जुने पुसले जातात, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. वापरलेली डिस्कही नवी म्हणून खपवतात. वेष्टन फोडलेले नसावे. पक्के बिल घ्यावे. डिस्कवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमी किती दिवसांची ते दुकानातच पाहावे.

हमीचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. डिस्क बिघडली तर कंपनी दुसरी डिस्क देते. लग्नाचे फोटो ती कोठून देणार? यासाठी एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात. दोन्हींत तेच भरावे. एक आपल्याकडे, दुसरी भावाच्या नाहीतर लेकीच्या घरी ठेवावी. आपल्या घरी चोरी झाली, पाणी शिरले, तरी दुसरी राहते.

डिस्क टकटक वाजू लागली तर संगणक लगेच बंद करावा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, जाणत्याला दाखवावी. कपाटातली डिस्क दोन-तीन महिन्यांनी काढून नवे कागद, फोटो तिच्यात भरावेत. भरल्यावर चार-दोन फोटो उघडून पाहावेत, आणि मगच ती परत ठेवावी.