ब्राउझरमधल्या गेमला कसले पैसे?

सुरुवातीलाच दोन कबुल्या देते. पहिली म्हणजे माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. दुसरी कबुली जास्त महत्त्वाची. या लेखात मी जो प्रश्न मांडणार आहे, त्याचं चुकीचं उत्तर आमच्या विंगमध्ये सगळ्यात आधी मीच दिलं होतं.

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटने एक गेम बनवला. मेसमधून गच्च भरलेलं ताट घेऊन टेबलापर्यंत पोचायचं आणि वाटीतलं वरण सांडू द्यायचं नाही, बस्स! कीबोर्डची दोनच बटणं. डाऊनलोड नाही, इन्स्टॉल नाही, ब्राउझर उघडा आणि खेळा. अख्खी विंग खेळली, पीएलमध्येसुद्धा खेळली. मग तिने जाहीर केलं की पाच लेव्हल फुकट, पुढच्या दहा मी बनवते, त्याचे 20 रुपये. झालं! सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. आणि मी, तिची रूममेट, सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, ब्राउझरवाल्या गेमला कसले पैसे? असे हजार पडलेत फुकट."

ती काहीच बोलली नाही. आठवड्याभराने कळलं की तिने पुढचं काम बंदच केलं होतं.

मला वाईट वाटलं. पण नुसतं वाईट वाटून काय उपयोग? आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, आधी प्रयोग आणि मग कन्क्लूजन. म्हणून ठरवलं की असा एक "साधा" गेम स्वतः बनवून बघायचा.

एका रात्रीत चेंडू उडवायचा गेम तयार केला. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या गेमिंग लॅपटॉपवर लावला, तर चेंडू सुसाट सुटला! कारण शोधायला दोन दिवस गेले. मी दर फ्रेमला चेंडू 5 पिक्सेल पुढे सरकवत होते. माझी स्क्रीन सेकंदाला 60 फ्रेम दाखवते, म्हणजे वेग झाला सेकंदाला 300 पिक्सेल. तिची स्क्रीन 144 फ्रेमची, म्हणजे 720 पिक्सेल. योग्य पद्धत अशी की आधीच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो मोजायचा आणि त्याने वेगाला गुणायचं. अकरावीच्या फिजिक्सचं सूत्र, पण मला सुचलं नव्हतं. रूममेटच्या गेममध्ये ते पहिल्या दिवसापासून होतं. शिवाय ताट किती कलल्यावर वरण सांडावं, म्हणजे खेळणारी चिडेल पण सोडून जाणार नाही, हे आकडे तिने कितीतरी वेळा बदलले होते. खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. गेम जितका चांगला जमतो, तितकी त्यामागची मेहनत लपते, आणि मग आपण म्हणतो, "यात काय एवढं!"

आता दुसरा मुद्दा, "फुकट"चा. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांची नजर चुकवून फ्लॅशवरचे गेम खेळले असतील. त्या साइट्स मुख्यतः जाहिरातींवर चालायच्या. म्हणजे पैसे कोणीतरी देतच होतं, फक्त आपल्या खिशातून जात नव्हते. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅश बंद केलं आणि ते गेम ब्राउझरमधून गायब झाले. काही हौशी लोकांनी हजारो गेम जपून ठेवले म्हणून ते आज खेळता तरी येतात. फ्लॅश गेलं, पण ब्राउझरमधलं सगळं फुकटच असतं ही आपली सवय मात्र तशीच राहिली.

मग असे गेम कोणी विकत घेतं का? घेतं! कुकी क्लिकर बघा. एका फ्रेंच प्रोग्रामरने 2013 मध्ये बनवलेला, कुकीवर क्लिक करत राहायचा गेम. 2021 मध्ये तो स्टीमवर विकायला आला. ब्राउझरमधला फुकट गेम तसाच चालू ठेवला, तरीही लोकांनी पैसे देऊन घेतला. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सची गोष्ट तर अजून भारी. लुका गालान्तेने तो 2021 मध्ये आधी ब्राउझरमध्ये फुकट ठेवला, मग डिसेंबरमध्ये स्टीमवर 3 डॉलरच्या आत विकायला काढला. दिसायला जुनाट, खेळायचं म्हणजे फक्त इकडेतिकडे चालायचं. पण 2023 मध्ये बाफ्टाचं सर्वोत्कृष्ट गेमचं पारितोषिक त्यालाच मिळालं, तेही एल्डेन रिंगसारखे प्रचंड बजेटचे गेम शर्यतीत असताना.

पण म्हणून प्रत्येक छोट्या गेमला पैसे मागायचा हक्क आहे का? इथे मला थ्रीज आणि 2048 ची जोडी आठवते. थ्रीज बनवायला सव्वा वर्षाच्या आसपास लागलं. तो फेब्रुवारी 2014 मध्ये आला, किंमत दोन डॉलरच्या आत. महिन्याभरात 19 वर्षांच्या गाब्रिएले चिरुल्लीने 2048 बनवला, एका वीकेंडमध्ये. कल्पना त्याच घराण्यातली, पण सोपी केलेली. त्याने तो फुकट ठेवला आणि कोडही सगळ्यांसाठी खुला केला. जगभर लोक 2048 खेळले, थ्रीजचं नाव मात्र आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. कायदा कोड आणि चित्रांना संरक्षण देतो, खेळाच्या नुसत्या कल्पनेला नाही. त्यामुळे चिरुल्लीने कायदा मोडला असं म्हणता येत नाही. पण त्याचा खुला कोड उचलून, रंग बदलून, वर जाहिराती लावून जे कमावतात, त्यांना मी एक रुपयाही देणार नाही.

तर या सगळ्या अभ्यासातून माझ्यापुरते तीन प्रश्न तयार झाले. एक, गेम बनवणाऱ्याची स्वतःची भर त्यात आहे का? दोन, पैसे देण्याआधी थोडा खेळून बघता येतो का? (स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, तेही चांगलंच.) तीन, पैसे भरल्यावर नेमकं काय मिळणार हे सरळ सांगितलंय का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर किंमत मागण्यात काहीच गैर नाही. घ्यायचा की नाही हे आपण ठरवावं. पण "मला परवडत नाही" म्हणणं वेगळं आणि "याला कसले पैसे" म्हणणं वेगळं. पहिल्यात आपण आपल्या खिशाबद्दल बोलतो. दुसऱ्यात समोरच्याच्या कामाची किंमत शून्य करून टाकतो, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

आपण उद्या इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअरच विकणार ना? मग आपल्याच विंगमधल्या मुलीने लिहिलेल्या कोडची किंमत एका वडापावइतकीही नाही, असं आपणच कसं म्हणायचं?

लेख लिहून झाल्यावर सगळ्यात आधी तिलाच वाचायला दिला. सोबत 20 रुपये ठेवले आणि सॉरी म्हटलं. तिने वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला आणि पैसे खिशात टाकले. सध्या सातव्या लेव्हलचं काम चालू आहे. त्यात म्हणे रेक्टर मॅडम मध्येच येऊन हजेरी घेतात!