सागरापलीकडचा विमानप्रवास

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या दोन विमानतळांमध्ये उत्तर अटलांटिक महासागर पसरलेला आहे. त्यांच्यातील हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. अंतर जाताना जेवढे, तेवढेच येताना. तरीही वेळापत्रकात लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास सुमारे आठ तास, तर परतीच्या प्रवासास सुमारे सातच तास दिलेले असतात. हा एक तास जातो कोठे?

प्रथम मार्गाविषयी. सपाट नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा सर्वांत जवळची वाटते. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे झुकून न्यूफाउंडलंड आणि आयर्लंडवरून जातो. हाच खरा जवळचा मार्ग होय.

आता वेळेचे कोडे. या भागात सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. नदीच्या प्रवाहात होडी असावी, तसे त्या हवेत विमान असते. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा १५० किलोमीटर धरला, तर पूर्वेकडे जाताना जमिनीच्या संदर्भातील वेग १,०५० आणि पश्चिमेकडे जाताना केवळ ७५० उरतो. पहिल्या दिशेला सुमारे ५ तास १७ मिनिटे लागतात, दुसऱ्या दिशेला ७ तास २३ मिनिटे. वारा मुळीच नसता, तर जाण्यायेण्याचे मिळून सुमारे १२ तास १९ मिनिटे झाले असते. वाऱ्यामुळे ते १२ तास ४० मिनिटे होतात. जाताना वाऱ्याने हिरावलेला वेळ येताना तो पुरता परत करीत नाही! कारण उघड आहे : विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. म्हणूनच येथील हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज घेऊन दररोज नव्याने आखले जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या साहाय्याने एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले.

आज हा प्रश्न तासाभराचा आणि इंधनाचा आहे. एके काळी तो प्राणांचा होता. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला, तो न्यूफाउंडलंडहून आयर्लंडकडे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने. मे १९२७ मध्ये नुन्जेसर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. त्यानंतर बाराच दिवसांनी लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने निघाला व साडेतेहतीस तासांत पोहोचला. उलट दिशेने, पश्चिमेकडे विमानाने न थांबता जाणे १९२८ मध्येच साधले.

घड्याळाची गंमत वेगळीच. न्यूयॉर्कचे घड्याळ बहुतेक काळ लंडनच्या पाच तास मागे असते. त्यामुळे लंडनहून सकाळी अकराला निघालेला प्रवासी आठ तासांनी उतरतो, तेव्हा तेथे दुपारचे दोनच वाजलेले असतात. २००३ पर्यंत सेवेत असलेले ध्वनीहून वेगवान काँकॉर्ड हेच अंतर सुमारे साडेतीन तासांत कापत असे. त्यातील प्रवासी निघाल्याच्या वेळेआधीच, अर्थात स्थानिक घड्याळानुसार, न्यूयॉर्कला पोहोचत.