जुन्या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक

तूर-सोयाबीन घेऊन लातूरच्या बाजाराला येणाऱ्या अनेक जुन्या जीप-पिकअपना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ओढ्याचे पाणी ड्रममध्ये शिरले किंवा उतारावर ड्रम तापला, की ब्रेक लागत नाही. ब्रेक दाबताच भार पुढील चाकांवर येतो. म्हणून तेथे लवकर थंड व कोरडी होणारी डिस्क उपयोगी ठरते. बदल करताना पुढील काळजी घ्यावी :

1) डिस्कमुळे पेडल जड लागते, बूस्टर व योग्य मापाचा मास्टर सिलिंडर बसवावा.
2) मागील चाके आधी जाम होऊ नयेत, असा दाब जुळवावा.
3) एअर काढून रिकाम्या गाडीची चाचणी घ्यावी.
4) परिवहन कार्यालयाची आधी मान्यता घ्यावी (मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52).

ब्रेक सुधारला तरी क्षमतेपेक्षा जास्त पोती भरू नयेत.