अँटिबॉडी मागवण्याआधी: भाचीला पत्र

चि. भाचीस,



नव्या प्रयोगशाळेत पहिलंच काम अँटिबॉडी निवडण्याचं मिळालं आणि तू जराशी हिरमुसलीस, असं ताईच्या फोनवरून कळलं. बरोबरीच्या मुलांना उंदीर आणि चेतापेशी मिळाल्या, तुझ्या हाती कॅटलॉग आला. पण पार्किन्सनच्या संशोधनाचा इतिहास पाहिलास तर एक गोष्ट ध्यानात येईल. त्यातली काही मोठी वळणं कुणीतरी योग्य अँटिबॉडी योग्य कापावर टाकल्यामुळे आली आहेत.

फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोलसर पुंजके पाहिले. त्यांनाच आपण लेवी बॉडी म्हणतो. त्यांचा मुख्य घटक कोणता, हे पुढची पंच्याऐंशी वर्षं कळलं नाही. दरम्यान १९८८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शेलर यांच्या गटाला विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशात सिन्युक्लिन सापडलं, तेही माशाच्या सिनॅप्टिक पुटिकांविरुद्ध तयार केलेल्या सीरमच्या मदतीने. पार्किन्सनशी त्याचं काही नातं असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

मग १९९७ उजाडलं. जूनमध्ये पॉलिमेरोपूलोस आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या कोंतुर्सी गावाकडच्या एका मोठ्या कुटुंबात आणि काही ग्रीक कुटुंबांत अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकातला बदल दाखवला. दोनच महिन्यांत केंब्रिजच्या मारिया ग्राझिया स्पिलांतिनी, मिशेल गोएडर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्फा-सिन्युक्लिनची अँटिबॉडी मेंदूच्या कापांवर टाकली आणि लेवी बॉडी ठळक रंगून आल्या. हे मेंदू कोंतुर्सीच्या कुटुंबातले नव्हते, घराण्यात आजार नसलेल्या सर्वसाधारण रुग्णांचे होते. मोजक्या घराण्यांतला जनुकदोष आणि जगभरच्या लाखो रुग्णांचा आजार यांना जोडणारा दुवा एका रंगवलेल्या काचपट्टीवर सापडला. पुढे २००३ मध्ये हायको ब्राक यांनी आजार मेंदूत कोणत्या टप्प्यांनी पसरतो याचा नकाशा मांडला, तोही याच प्रथिनाच्या अँटिबॉडीने रंगवलेल्या कापांवरून.

म्हणून हे काम हलकं समजू नकोस. आणि सोपंही समजू नकोस.

अँटिबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक छोटासा तुकडा ओळखते. जत्रेच्या गर्दीत पाठमोऱ्या माणसाला नुसत्या फेट्यावरून हाक मारावी आणि त्याने वळून पाहिल्यावर तो भलताच निघावा, तसं इथे नेहमी घडतं. अल्फा-सिन्युक्लिनमध्ये १४० अमिनो आम्लं आहेत. त्यातल्या १२९व्या जागी सेरीन आहे. निरोगी मेंदूत या सेरीनवर फॉस्फेट असलेले रेणू थोडेच असतात. लेवी बॉडीतल्या सिन्युक्लिनमध्ये मात्र सुमारे ९० टक्के रेणूंवर ते असतं. जपानमधल्या फुजिवारा, इवात्सुबो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लेवी बॉडीतल्या या फॉस्फेटकडे लक्ष वेधलं आणि तेव्हापासून ‘फॉस्फो-१२९’ ओळखणारी अँटिबॉडी ही रोगाची खूण मानली गेली. गोची अशी की न्यूरोफिलामेंट नावाच्या दुसऱ्याच प्रथिनात फॉस्फेट असलेला एक तुकडा या तुकड्यासारखा दिसतो. ८१ए हा खूप वापरला गेलेला क्लोन न्यूरोफिलामेंटलाही चिकटतो, हे नंतर उघड झालं. न्यूरोफिलामेंट तर चेतापेशींत भरपूर असतं! उंदराच्या मेंदूत रोग पसरताना दिसला असं वाटावं आणि प्रत्यक्षात निरोगी तंतूच रंगलेले असावेत, इतका हा फरक महागात पडू शकतो. ईपी१५३६वाय हा क्लोन या बाबतीत बराच चोख मानला जातो. तरीही त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नकोस. ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनं उतरवलेल्या मेंब्रेनचा, एक तुकडा फॉस्फेटेज एन्झाइमने धुऊन घे. फॉस्फेट गेल्यावर सिग्नलही गेला पाहिजे. राहिला, तर तो दुसऱ्या कशाचा तरी आहे.

सिन्युक्लिनचे रेणू एकत्र येऊन छोटे गट (ऑलिगोमर) आणि लांब तंतू बनतात. कॅटलॉगमध्ये ‘फक्त तंतू ओळखते’, ‘फक्त ऑलिगोमर ओळखते’ असं छापलेलं वाचशील. लोझानमधल्या हिलाल लाशुएल यांच्या गटाने अशा १६ अँटिबॉडी घेतल्या आणि एकेरी रेणू, ऑलिगोमर आणि तंतू वेगवेगळे शुद्ध करून त्यांवर तपासल्या. केवळ एकाच प्रकारच्या घडणीला ओळखणारी एकही निघाली नाही. २०२० चा हा शोधनिबंध मागणीपत्र भरण्याआधी नक्की वाच. अशा कष्टाच्या तपासणीला बक्षिसं फारशी मिळत नाहीत, पण शेकडो लोकांची वर्षं ती वाचवते.

सगळ्यात मोठी कसोटी एकच: ज्या पेशीत ते प्रथिन नाहीच, तिथे अँटिबॉडी गप्प बसते का? मॉन्ट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधून सुरू झालेल्या वायकॅरॉस प्रकल्पाने चेतासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांच्या ६१४ विकत मिळणाऱ्या अँटिबॉडी जनुक काढून टाकलेल्या पेशींवर तपासल्या. निम्म्याहून जास्त अँटिबॉडी एका ना एका वापरात नापास झाल्या. त्यातही रिकॉम्बिनंट अँटिबॉडी एकंदरीत सरस ठरल्या आणि दर लॉटला त्या सारख्याच राहतात, म्हणून पर्याय असेल तेव्हा त्याच घे. सशाच्या सीरमचा नवा लॉट म्हणजे कित्येकदा नवाच ससा असतो.

नॉकआउट, म्हणजे जनुक काढून टाकलेल्या, उंदरांबद्दल एक विलक्षण गोष्ट आहे. सी५७ ब्लॅक ६ या नेहमीच्या उंदरांच्या एका उपजातीतून अल्फा-सिन्युक्लिनचं जनुक आपोआपच गळून पडलेलं होतं, हे २००१ मध्ये लक्षात आलं. तोवर ते उंदीर ‘सामान्य’ म्हणून विकले आणि वापरले जात होते. तुझ्या कंट्रोल उंदरांची उपजात कोणती, हे पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवरून आणि पुरवठादाराच्या कागदांवरून तपासून वहीत लिहून ठेव. एलबी५०९सारखे क्लोन माणसाचं सिन्युक्लिन ओळखतात, उंदराचं नाही. माणसाचं जनुक घातलेल्या उंदरात हा गुण फार उपयोगी पडतो. साध्या उंदरात मात्र दिवस वाया जातो.

ब्लॉट कोरा आला तर लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नकोस. हे प्रथिन इतकं लहान आहे की धुताना मेंब्रेनवरून सुटून जातं. ली आणि कामितानी यांनी २०११ मध्ये यावर साधा उपाय सुचवला: प्रथिन मेंब्रेनवर उतरल्यावर ते ०.४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवायचं. एवढ्याने कित्येक पेशींमधलं एरवी न दिसणारं सिन्युक्लिन दिसू लागतं.

पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात सिन्युक्लिन मोजायची वेळ आली तर आधी नमुन्यात रक्त मिसळलं आहे का ते बघ. रक्तातलं ९९ टक्क्यांहून अधिक सिन्युक्लिन तांबड्या पेशींमध्ये असतं. सुई टोचताना थोडं रक्त उतरलं तरी आकडा फुगतो, म्हणून हिमोग्लोबिन मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

एलआरआरके२ हे तुमच्या गटाचं दुसरं प्रथिन. तिथे कंट्रोल हाताशीच आहे. हे एन्झाइम रॅब१० प्रथिनाच्या ७३व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट लावतं. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींचे दोन भाग करायचे, एकाला एमएलआय-२ हा रोधक द्यायचा. अँटिबॉडी खरी असेल तर त्या भागातला सिग्नल खाली येतो.

हे सगळं आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात त्वचेच्या छोट्या तुकड्यांवर फॉस्फो-१२९ ची तपासणी झाली. पार्किन्सनच्या ९२.७ टक्के रुग्णांत ती सकारात्मक आली, निरोगी गटात ३.३ टक्क्यांत. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रफीसारख्या भावंड-आजारांतही ती सकारात्मक येते, त्यामुळे निदान एकट्या तिच्यावर होत नाही. पण हात थरथरतो म्हणून डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाच्या कागदावर काय लिहिलं जाईल, ते अशा अँटिबॉडीच्या चोखपणावरही अवलंबून राहणार आहे. तुझ्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचा धागा तिथपर्यंत जातो, म्हणून हे इतक्या तळमळीने लिहिलं.

आता लगेच करायचं ते असं. नॉकआउट पेशी यायला वेळ लागतो, तेव्हा त्यांची मागणी अँटिबॉडीच्याही आधी टाक. वायकॅरॉसचे अहवाल सर्वांसाठी खुले आहेत, त्यात तुझं प्रथिन आहे का बघ. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट सिन्युक्लिनवरच काम करतो. हे प्रथिन थेंबांच्या रूपात एकत्र येऊन मग घट्ट होतं, हे त्यांनी २०२० मध्ये दाखवलं. दिवाळीत घरी येशील तेव्हा तिथल्या एखाद्या व्याख्यानाला जाऊन ये. ब्लॉटचे फोटो पाठवताना पट्टी कापून पाठवू नकोस. वरपासून खालपर्यंत पूर्ण मेंब्रेन, क्लोनचं नाव, लॉट क्रमांक आणि डायल्युशन, सगळं एकत्र पाठव.

तुझा,
मामा