विधवा शेतकरणीचे श्रम आणि कायद्याची पावती



विधवेला तिचा न्याय मिळाला पाहिजे, असे जुन्या करारातील नियमशास्त्र पुन्हा पुन्हा बजावते. तेथे शब्द ‘न्याय’ असा आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो आणि दानपेटीकडे वळतो. आज आम्ही अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील विधवा शेतकरणींचे उदाहरण अभ्यासासाठी घेत आहोत.

आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन ही तेथील मक्याची आणि दूधदुभत्याची राज्ये. एकोणिसाव्या शतकात अनेक जर्मन, आयरिश आणि चेक कॅथलिक कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. आपल्यासारखी दाट वस्तीची गावे तेथे कमी. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, शेजारी अर्ध्या-एक मैलावर. अशा घरातली बाई काय करीत नसे? दोन वेळा गाईंचे दूध काढणे, कोंबड्या, भाजीचा मळा, हिवाळ्यासाठी भाज्या-फळे काचेच्या बरण्यांत भरून ठेवणे, मळणीला आलेल्या माणसांचा स्वयंपाक, यंत्राचा भाग मोडला तर गाडी काढून शहरातून नवा आणणे आणि रात्री हिशेबाची वही. अंडी व साय विकून आलेल्या पैशातून घरचा किराणा भागे. पीक बुडाले तरी त्यावर चूल पेटे.

नवरा ऐन हंगामात वारला तर शेजारी आपापली यंत्रे घेऊन येतात आणि तिचे उभे पीक काढून देतात. ही सुंदर चाल आजही आहे. पण पुढचा निर्णय तिचा एकटीचा. मुलगा हाताशी येईपर्यंत स्वतः कसायचे, जमीन खंडाने किंवा अर्धलीने द्यायची, की अवजारांचा लिलाव करून गावात बिऱ्हाड करायचे? सरकारी आधारही तिला उशिराच मिळाला. कामगाराच्या विधवेला व मुलांना निर्वाहवेतन देण्याची तरतूद १९३९ साली झाली, परंतु स्वतःची शेती करणारे शेतकरी त्या योजनेत आले ते १९५५ पासून.

खरा घाव कराचा होता. जमीन पती-पत्नी दोघांच्या नावावर असली तरी, पती वारल्यावर तिची संपूर्ण किंमत त्याचीच मालमत्ता धरून केंद्र सरकार कर आकारीत असे. विधवेला काही सवलती होत्या, पण अर्धी जमीन आपली म्हणायची तर आपण स्वतःचा पैसा घातला हे तिने सिद्ध करायचे. तीस वर्षे गाई सांभाळल्या, हा पुरावा चालत नसे. अंड्यांच्या पैशाची पावती कोण ठेवतो? सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी खेटे घातलेल्या आपल्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यातच आयोवात जमिनीचा सरासरी भाव १९७० साली एकरी सुमारे ४१९ डॉलर होता, तो १९८० पर्यंत दोन हजारांवर गेला. कागदावर बाई श्रीमंत झाली, आणि कर भरण्यासाठी जमीन विकण्याची पाळी आली.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात जॉन लॉक हा इंग्रज विचारवंत आम्हाला शिकविला जाई. मनुष्य जमिनीत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते, असा त्याचा युक्तिवाद. अमेरिकेने तो जणू कायद्यातच उतरविला होता. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळत. (ती मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, तो आणखी एक अन्याय.) विधवेलाही या कायद्याने अर्ज करता येई. म्हणजे जी जमीन श्रमाच्या बळावर मिळाली, तिच्यावरच शंभर वर्षांनंतर पत्नीचे श्रम शून्य ठरले! कायदा करणारे दुष्ट होते असे आम्हाला वाटत नाही. त्यांना पैसा मोजता येत होता, एवढेच.

शेतकरी स्त्रियांनी सह्या गोळा केल्या, काँग्रेसपुढे साक्षी दिल्या. १९७८ साली एक विचित्र तडजोड निघाली. शेतीत प्रत्यक्ष राबलेल्या पत्नीला वर्षाला दोन टक्के, आणि जास्तीत जास्त पन्नास टक्के, वाटा मानावा. म्हणजे स्वतःच्या अर्ध्या शेताची मालकीण ठरायला पंचवीस वर्षे!

सप्टेंबर १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सरचेन्स’ हे श्रमाविषयीचे विश्वपत्र काढले. त्यात आईच्या कष्टांचे समाजाने नव्याने मोल करावे, असे सांगितले आहे, आणि शेतीच्या कामाच्या प्रतिष्ठेवर स्वतंत्र भाग आहे. योगायोग असा की त्याच्या महिनाभर आधी, १३ ऑगस्टला, अमेरिकेत नव्या करकायद्यावर सही झाली होती. पती-पत्नीच्या सामाईक जमिनीतील निम्मा वाटा कोणताही पुरावा न मागता पत्नीचा धरला जाऊ लागला, आणि पतीकडून पत्नीकडे येणाऱ्या मालमत्तेवरचा हा कर उठला. १ जानेवारी १९८२ पासून विधवा झालेल्या शेतकरणीला अंड्यांच्या पैशाचा हिशेब कोणी विचारला नाही.