स्टेशनच्या गाडीचा करार

विरार पश्चिमेला बोळींजच्या आसपास ज्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या, तिथल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळेवर ठरतो. घरापासून स्टेशन काही फार लांब नाही, पण सकाळी शेअर रिक्षाची रांग लांबते आणि ठरलेली गाडी चुकते. महापालिकेची परिवहन सेवा 2012 पासून आहे; ती वाढावी असं मला मनापासून वाटतं. तोवर अनेक गृहनिर्माण संस्था एकत्र येऊन आपल्या रहिवाशांसाठी व्हॅन लावतात. नफा कमवायचा नसतो, खर्च तेवढा वाटून घ्यायचा असतो.

आमच्या फेडरेशनची मी सचिव असताना हे सगळं काम एका ठेकेदाराकडे सोपवलेलं होतं. गाड्या त्याच्या, चालक त्याचे, सीएनजी, दुरुस्ती, विमा, बदली गाडी, सगळं तोच बघणार आणि संस्था महिन्याचं बिल देणार. कार्यकारी समितीत बहुतेक जण नोकरी करणारे, त्यामुळे एकाच माणसावर सगळं सोपवलं की सुटलो, असं कुणालाही वाटेल. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, दर ठरला, गाड्या सुरू झाल्या.

पुढे काय झालं ते सांगते. स्टेशनहून परतणारी व्हॅन अर्धी रिकामी असते. चालक नाक्यावर थांबून बाहेरचे प्रवासी घ्यायचे, दहा-वीस रुपये रोख. रहिवाशांना ते दिसत होतं, पण कोणी फारसं बोलत नव्हतं. एका संध्याकाळी असेच प्रवासी घेण्यासाठी व्हॅन एकदम डावीकडे वळली आणि मागून येणारा स्कूटरस्वार तिच्यावर आदळून पडला. त्याचा पाय मोडला. पोलिसांनी कागद मागितले तेव्हा कळलं, की आमच्या फाइलमध्ये विम्याची जी झेरॉक्स होती तिची मुदत केव्हाच संपली होती आणि नवा विमा उतरवलेलाच नव्हता. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. तीत गाडीमालकाच्या बरोबरीने आमच्या संस्थेचंही नाव होतं.

गाडी आमची नाही, चालक आमचा नाही, मग आम्ही कशाला, हा प्रश्न सभेत प्रत्येकाने विचारला. वकिलांनी उत्तर दिलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या निकालावरून. राजस्थान राज्य परिवहन महामंडळाने खासगी मालकाची बस भाड्याने घेतली होती, चालकही मालकाचाच होता. तरी न्यायालयाने महामंडळाला जबाबदार धरलं, कारण बस कुठून कुठे जाणार, कुठे थांबणार, चालकाने कोणाचं ऐकायचं, हे महामंडळ ठरवत होतं. आमचा करार उघडून पाहिला. वेळापत्रक आम्ही दिलेलं, थांबे आम्ही ठरवलेले, चालकाने संस्थेच्या व्यवस्थापकाच्या सूचना पाळाव्यात असं कलमही आम्हीच घातलेलं. गाडीवर ताबा कोणाचा, हा प्रश्न न्यायाधिकरणात कागदावरून ठरतो, आणि तो कागद आमच्याकडेच बोट दाखवत होता.

म्हणून ज्या संस्था आज असा करार करण्याच्या विचारात आहेत, त्यांना पहिली गोष्ट परवान्याची सांगते. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण ती खासगी वापराची असते; भाड्याने माणसं नेता येत नाहीत. पिवळी पाटी हवी, आणि पाटीबरोबर कंत्राटी प्रवासी वाहनाचा परवाना हवा. अशा परवान्यात संपूर्ण गाडी करारावर घेतलेली असते, करारात नसलेला प्रवासी वाटेत चढवता येत नाही. प्रत्येकाकडून फाटकावर सुटं भाडं घेतलं, की ती गाडी कायद्याच्या नजरेत टप्पा वाहतूक करू लागते. तेव्हा वर्गणी संस्थेने गोळा करावी, पास द्यावा आणि पासधारकांची यादी करारालाच जोडावी. परवान्याशिवाय किंवा त्याच्या अटी मोडून गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही 10,000 रुपये दंड आणि 6 महिन्यांपर्यंत कैद आहे. त्याहून जड पडते ती विम्याची गोष्ट. परवानाच नसलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनी जखमीला भरपाई देते, पण ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. मालक गायब झाला तर पुढचं दार कोणाचं ठोठावलं जाईल, याचा विचार समितीने सही करण्यापूर्वी करावा.

ठेकेदाराने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. गाडीचा नंबर घालून एम-परिवहन ॲपवर विमा, फिटनेस, पीयूसी यांच्या मुदती फोनवर दिसतात. आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला व्यवस्थापक प्रत्येक व्हॅनचं हे पान उघडून स्क्रीनशॉट फाइलला लावतो. तो लागल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. प्रवासी गाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावा लागतो, हे लक्षात ठेवलं तर जुन्या गाड्या आपोआप नजरेत येतात. बदली गाडीचीही तपासणी हवीच. एमएच 48 ची नेहमीची व्हॅन गॅरेजला गेली, की कुठली तरी जीजे नंबरची गाडी येऊन उभी राहते, आणि घाईत तिच्याकडे कोणी बघत नाही.

आता पैशांचं. आमचा दर किलोमीटरवर होता. व्हॅन सकाळी सीएनजीच्या रांगेत अडकायच्या. पंपापर्यंतचं रिकामं जाणं-येणंही बिलात धरलेलं, आणि नेमक्या गर्दीच्या वेळी फाटकावर गाडी नाही. ओडोमीटरचे आकडे बरोबर होते, बिलात खोट काढता येत नव्हती, तरी लोकांच्या लोकल चुकत होत्या. दर फेरीवर ठेवा, आणि ठरलेल्या वेळी फाटकावरून सुटलेली फेरीच मोजा. गॅस रात्री भरून ठेवायचा, असं करारात स्पष्ट लिहा. सुटण्याची वेळ सुरक्षारक्षकाने फाटकावरच्या वहीत लिहावी. ती वही संस्थेची. जीपीएसचा पासवर्डही संस्थेकडे हवा. नोंदी ठेकेदाराकडेच राहिल्या तर भांडणाच्या दिवशी तुमच्या हातात काहीच नसतं. बिलातून टीडीएस कापायला विसरू नका, सहकारी संस्थेलाही तो लागू आहे.

चालकांबद्दल थोडं. पहाटेच्या पहिल्या लोकलसाठी आलेला माणूस रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत गाडीवर असेल, तर तो नाक्यावर प्रवासी का घेतो हे समजायला वेळ लागत नाही. आमच्या चालकांचे पगार दोन-दोन महिने थकत होते, हे अपघातानंतर कळलं. त्या दहा-वीस रुपयांवर त्यांच्या घरचा किराणा चालत होता. म्हणून आता बिलासोबत मागच्या महिन्याचा पगार चालकाच्या बँक खात्यात गेल्याचा पुरावा मागतो आणि दोन पाळ्यांचे चालक बंधनकारक आहेत. दर थोडा वाढला. सभेत त्यावर बरीच खडाजंगी झाली, पण ठराव मंजूर झाला.

पावसाळ्याचं कलम वसईकराला वेगळं समजावायला नको. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आलं आणि लोकल बंद पडल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. पाणी तुंबलं तर फेरी रद्द कोणी करायची, पर्यायी रस्ता कोणता, इंजिनात पाणी गेलं तर खर्च कोणाचा, हे मे महिन्यातच लिहून ठेवा. आणि करार संपवण्याची नोटीस देण्याआधी दुसऱ्या ठेकेदाराचे दर हातात असू द्या. आमची सेवा बंद पडली तेव्हा सगळ्यात जास्त हाल झाले ते डायलिसिसला जाणाऱ्या एका आजोबांचे आणि रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिकांचे. नव्या करारात त्यांच्या फेऱ्या आधी लिहिल्या आणि बाकीचं वेळापत्रक त्यांच्या भोवती बसवलं.