जुन्या कामगाराविषयी खरे सांगावे का?

प्रश्न : माझे छोटे वर्कशॉप आहे. काम सोडून गेलेल्या एका कामगाराविषयी तळेगावच्या कारखान्यातून विचारणा झाली. तो कुशल आहे, पण खाडे फार करायचा. खरे सांगू का?
– एक वाचक, बेगडेवाडी

उत्तर : सांगा, पण नोंदीत आहे तेवढेच. हजेरीपटावरचे खाडे ही वस्तुस्थिती; ‘तो बेजबाबदार आहे’ हा तुमचा निवाडा. बदनामीच्या भीतीने अनेक मालक गप्प बसतात. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मधील अपवाद दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या कथनाला संरक्षण देतात. सद्भावनेत पुरेशी काळजी आलीच; ऐकीव गोष्टी तिच्यात बसत नाहीत. ब्रिटनमध्ये तर ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली ठरवले, की निष्काळजीपणे दिलेल्या अभिप्रायाने नुकसान झाल्यास कर्मचारी भरपाई मागू शकतो.

एका वाक्याने कुणाची भाकरी का हिरावायची, हा आक्षेप मला मनापासून पटतो. म्हणूनच त्याचे कौशल्य आधी आणि ठळकपणे सांगा. ते गाळणे हाही खोटेपणाच. पण खाडे लपवलेत, तर उद्या तुमच्याकडच्या नियमित कामगाराच्या शिफारशीला किंमत उरणार नाही, आणि हे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. नोकरीचा काळ आणि काम नमूद करणारे सेवा प्रमाणपत्र मात्र अडवू नका. कारखान्याला उत्तर देण्याआधी त्या कामगाराला फोन करून काय सांगणार आहात ते कळवा; खाड्यांमागे आजारपण असेल, तर ते उघड करायचे की नाही हे त्याला ठरवू द्या.